उशीर पाहुण्यांचा, डीएनएफ आमचा : हाफ मॅरेथॉनच्या संयोजन समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
हाफ मॅरेथॉन संयोजन समिती

सप्रेम नमस्कार,

पुढच्या वर्षीपासून २१ किलोमीटरची वेळमर्यादा साडेतीन तासांवरून पावणेतीन तासांवर आणायची, असं आपल्या समितीने 'स्पर्धेचा दर्जा उंचावण्यासाठी' ठरवल्याचं निवेदन शहरातल्या सगळ्या रनिंग ग्रुपवर फिरतंय. यंदाच्या स्पर्धेबद्दल त्यात एकच वाक्य आहे : 'किरकोळ त्रुटी वगळता स्पर्धा यशस्वी झाली.' त्या किरकोळ त्रुटींपैकी एक मी आहे : शर्यत पुरी करूनही निकालात डीएनएफ (डिड नॉट फिनिश, म्हणजे शर्यत पुरी केली नाही) ठरलेली. मेल केले, त्यांना उत्तर नाही. फोन केला, त्याला जे उत्तर मिळालं ते पुढे सांगतेच. आता चारचौघांसमोर बोलते, म्हणजे निदान 'आमच्यापर्यंत तक्रार आलीच नाही' असं म्हणायची सोय राहणार नाही.

मी एका सहकारी बँकेत रोखपाल आहे. वय ४९. शाळेतला खो-खो सुटला त्यानंतर पळणं उरलं ते एसटी पकडण्यापुरतं. कॉलेजच्या मैदानावर सकाळी चालायला येणाऱ्या आमच्या बायकांमध्ये कुणीतरी आधी अर्धी फेरी पळून बघितली, मग दुसरीने, आणि बघता बघता आम्ही चौघीजणी पळायला लागलो. 'कोण मागं लागलंय गं?' असं विचारणाऱ्या शेजारणीही पुढे पुढे 'आज किती किलोमीटर?' असं विचारायला लागल्या. मैदानाच्या फाटकावर आपलाच फ्लेक्स होता : 'पहिल्यांदाच धावताय? मग ही शर्यत तुमच्यासाठीच!' त्यावर नऊवारीतली एक हसरी बाई, पायात बूट, गळ्यात पदक. आपण आम्हाला बोलावलंत, आम्ही आलो. एवढं सुरुवातीलाच लक्षात घ्यावं.

नियमावली वाचूनच आम्ही नाव नोंदवलं. २१.०९७५ किलोमीटरला २१० मिनिटं, म्हणजे किलोमीटरला दहा मिनिटांच्या जरा आत. दोन मिनिटं पळायचं आणि एक मिनिट चालायचं, या हिशोबाने आमचा किलोमीटर नऊ-सव्वानऊ मिनिटांत पडत होता. बसतंय म्हटलं आणि पैसे भरले. हाफचं शुल्क सगळ्यांना सारखंच होतं, पहिल्या येणाऱ्यालाही आणि आम्हालाही.

पळत-चालत अंतर पुरं करायची ही पद्धत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे नवख्यांना हेच शिकवत आले आणि जगभरचे हौशी रनर तसं धावतात. शर्यतीत मध्येच चाललं म्हणून कुणी बाद होत नाही. हे आधी सांगून ठेवलेलं बरं, कारण 'चालत आलेल्यांना कसलं पदक' हे वाक्य मी त्या दिवशी ऐकलं ते आपल्या समितीचा बिल्ला लावलेल्या माणसाच्या तोंडून.

आता त्या सकाळचं. पत्रिकेत सुरुवात ६ वाजता. आपण सांगितलंत म्हणून आम्ही सव्वापाचलाच मैदानावर. डिसेंबरची थंडी, अंगात एक टी-शर्ट. सहा वाजले, सव्वासहा झाले. स्टेजवर झुंबा झाला, परत झुंबा झाला, माइकवरून प्रायोजकांची नावं दोनदा वाचून झाली. प्रमुख पाहुणे 'वाटेत आहेत' होते. अखेर ६ वाजून २८ मिनिटांनी झेंडा पडला. गर्दीतून सरकत सुरुवातीच्या मॅटवर (चिपवरून प्रत्येकाची वेळ नोंदणाऱ्या पट्टीवर) पाय ठेवायला आम्हाला आणखी चार मिनिटं लागली, पण चिपची वेळ मॅटवर पाय पडल्यापासूनच सुरू होते, त्याबद्दल तक्रार नाही.

त्या २८ मिनिटांबद्दल आहे. पुढे धावणाऱ्या मुलांसाठी ती म्हणजे थोडं ताटकळणं; ती सव्वा-दीड तासात येऊन मोकळी होतात. आमचं तसं नाही. रस्ता बंद ठेवायची परवानगी साडेनऊपर्यंतचीच होती, हे मला बायपासच्या चौकातल्या महिला पोलिसांकडून कळलं. सुरुवात लांबली, पण परवानगी लांबवून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. ६.२८ ते ९.३० म्हणजे तीन तास दोन मिनिटं. छापलेले साडेतीन तास आपण कुणालाही न सांगता तीनवर आणलेत आणि कापलेली मिनिटं गेली ती फक्त मागच्यांच्या खिशातून. पाहुण्यांच्या उशिराचा भुर्दंड पाहुण्यांना नाही, समितीला नाही, पोडियमवरच्यांना नाही. तो भरला आम्ही.

पाण्याचं सांगते. चौदाव्या किलोमीटरपर्यंत पाणी व्यवस्थित होतं. रासेयोची (राष्ट्रीय सेवा योजनेची) पोरं-पोरी टाळ्या वाजवत होती, 'चला काकू, मस्त' म्हणत होती. त्या मुलांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. सोळा किलोमीटरच्या टेबलाशी पोचले तेव्हा नऊ वाजत आले होते आणि दोन मुलं टेबलावरचं कापड घडी करत होती. वीस लिटरचे जार आडवे पडलेले. 'काकू, पाणी संपलं, पुढं मिळेल,' एक मुलगी म्हणाली. तिने स्वतःच्या बाटलीतलं घोटभर दिलं. नऊच्या आत गेलं नाही तर नाश्त्याचं कुपन बाद होतं, असं त्यांना सांगितलं होतं म्हणे. पुढे अठराव्या किलोमीटरला तर टेबलच नव्हतं, नुसते चिरडलेले कागदी पेले रस्ताभर. ऊन चढलेलं. एक तरुण मुलगा दुभाजकावर बसून पोटरी दाबत होता; पायात गोळा आला होता. शेवटी रसवंतीवाल्या दादांनी आम्हा दोघांना पाणी पाजलं, लिंबू पिळून, वर मीठ टाकून. पैसे घेईनात. त्या दिवशीच्या शर्यतीत शेवटच्या पाच किलोमीटरचं अधिकृत पाण्याचं केंद्र म्हणजे ती रसवंती, आणि तिचं नाव आपल्या प्रायोजकांच्या यादीत नाही.

पाणी संपणं ही काही छोटी गोष्ट नव्हे. ७ ऑक्टोबर २००७ला शिकागो मॅरेथॉनच्या दिवशी अवेळी उकाडा होता, पारा ३० अंशांच्या वर गेला. पाण्याच्या टेबलांवर पाणी नाही अशी ओरड झाली ती मागच्या लोकांतून, आणि सुरुवात होऊन चार तासही झाले नव्हते तोवर शर्यत थांबवावी लागली. एवढ्या मोठ्या, जुन्या शर्यतीचं जिथे हे झालं तिथे आपण तरी किती सावध असायला हवं! बरं, नुसतं पाणी असूनही भागत नाही. बोस्टनच्या २००२च्या मॅरेथॉनमधल्या ४८८ धावकांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळलं, आणि हा धोका जास्त वेळ रस्त्यावर राहून सारखं पाणी पीत गेलेल्यांना अधिक होता. म्हणजे पाणी कुठे, किती आणि सोबत मीठ कधी, हे सांगायची खरी गरज सावकाश येणाऱ्यांना असते. आपल्या टेबलांवरचं इलेक्ट्रॉल मात्र बाराव्या किलोमीटरलाच संपलं होतं.

रस्त्याचं तर विचारूच नका. साडेनऊच्या आधीच रस्ता अडवायला ठेवलेले कोन उचलणारा टेम्पो निघाला होता आणि तो नेमका आमच्याच वेगाने चालला होता. शंभर फुटांवर दिसणारे कोन आम्ही पोचेपर्यंत टेम्पोत गेलेले. गळीत हंगाम चालू. बायपासवर ऊस भरलेले ट्रॅक्टर, प्रत्येकामागे दोन-दोन ट्रॉल्या, वर गाणी ठणाणा. ट्रॅक्टरवाल्याला मागची ट्रॉली कुठे झुलतेय ते दिसत नाही, हे आपल्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या ट्रॉलीच्या आणि साइडपट्टीच्या मधून आम्ही छातीवर नंबर लावून पळत होतो. चौकात त्या पोलीस बाईंनी हात आडवा केला, 'थांबा मावशी, एवढी ट्रॉली जाऊ द्या.' थांबले. त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर आम्हाला रस्ता ओलांडून दिला. त्यांची ड्यूटी खरं तर संपली होती. मागे अॅम्ब्युलन्स नाही, स्वयंसेवक नाही, शेवटच्या माणसामागे असते ती गाडी नाही. त्या पोटरी धरून बसलेल्या मुलाला मी सोडून पुढे गेले, कारण त्याने 'जा तुम्ही काकू' म्हणून हट्ट धरला. तो कसा आणि कधी पोचला, हे आपल्या समितीत कुणाला माहीत आहे का?

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात गंभीर बाब मला हीच वाटते. बँकेत संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय आम्ही काउंटर सोडत नाही. दहा रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत घरी जाता येत नाही. आपल्याकडे सुरुवातीच्या मॅटवरून किती चिपा गेल्या याचा आकडा संगणकात होता. शेवटच्या मॅटवरून किती आल्या, तोही होता. दोन्हींतला फरक म्हणजे रस्त्यावर असलेली माणसं. तो फरक काढायला एका माणसाला एक मिनिट पुरलं असतं. तो न काढताच मॅट गुंडाळली गेली.

अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन धावलेल्या १ कोटी ९ लाख लोकांचा हिशोब एका अभ्यासात मांडला आहे. त्यातल्या ५९ जणांचं हृदय शर्यतीत किंवा शर्यत संपताच बंद पडलं, ४२ दगावले. प्रमाण अगदी नगण्य आहे, घाबरवायचा हेतू नाही. पण जे वाचले त्यांच्या वाचण्यात जवळच्या माणसाने तिथल्या तिथे छाती दाबायला घेणं हा मोठा भाग होता. आपल्या शेवटच्या पाच किलोमीटरवर असं जवळचं माणूस म्हणजे एक रसवंतीवाले दादा आणि एक हवालदार बाई.

मैदानात शिरले तेव्हा माझ्या घड्याळात ३ तास १२ मिनिटं झाली होती. भिंतीवरचं घड्याळ म्हणाल तर ९.४४. झेंडा पडल्यापासून मोजलं तरी साडेतीन तासांना चौदा मिनिटं शिल्लक. अंतिम रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढून झाली होती आणि दोन माणसं ती तुडवून उरलीसुरली हवा बाहेर ढकलत होती. मॅट जिथे होती तिथे नुसता चुन्याचा पट्टा. स्टेजवर बक्षीस समारंभ जोरात. मी त्या पट्ट्यावरून पलीकडे गेले, घड्याळ थांबवलं. टेबलावरच्या मुलाने सांगितलं, हाफची पदकं संपली, पत्ता लिहून द्या. संपली कशी? नोंदणीएवढी तर असणारच. तेवढ्यात स्टेजच्या बाजूला पाहुण्यांबरोबर आलेल्या आठ-दहा जणांच्या गळ्यात तीच निळ्या फितीची पदकं दिसली. मला त्या धातूच्या तुकड्याचं एवढं नाही. लोकांना असतं आणि असावंही, पण माझं त्यावाचून अडलं नाही.

अडलं ते निकालाशी. दोन दिवसांनी यादी लागली. माझ्या बिब नंबरपुढे डीएनएफ. म्हणजे शर्यत पुरी न केलेली. साडेदहा किलोमीटरच्या वळणावरच्या मॅटवर माझी वेळ नोंदलेली आहे, तीही त्याच ओळीत दिसते. पुढचं सगळं अंतर मी धावले; घड्याळातला नकाशा आहे, मैदानातले फोटो आहेत, आपल्याच फोटोग्राफरने काढलेला एक आहे ज्यात मागे ती अर्धी पडलेली कमान दिसते. माझ्या एकटीच्या नावापुढे हे नाही. यादीच्या शेवटी डीएनएफची रांगच्या रांग आहे आणि त्यातल्या कितीतरी जणांना मी माझ्या पुढे-मागे मैदानात शिरताना पाहिलंय. आपण मॅट उचललीत आणि शर्यत सोडल्याचा शिक्का आमच्यावर मारलात.

टॉयलेटचं एका ओळीत : सुरुवातीला बायकांसाठी दोन, मार्गावर एकही नाही, आणि मैदानावरच्या दोन्हींत सहा वाजताच पाणी नव्हतं. पुरुषांना झुडूप चालतं. टी-शर्टबद्दल काहीच म्हणत नाही. पुरुषांचा 'एल' मिळाला, तो घरी मुलगा वापरतो.

फोनवर आपल्याकडून जे सांगण्यात आलं ते असं : 'मॅडम, हाफ मॅरेथॉन म्हणजे पिकनिक नव्हे. पहिल्याच वर्षी हाफला यायचंच कशाला? दहा किलोमीटर करायचं होतं.' बोलणारे सभ्यपणे बोलले, म्हणून नाव घेत नाही. पण सल्ला चुकीच्या वेळी आला. फ्लेक्स छापताना द्यायला हवा होता. आणि बायकांना काय झेपेल हे दुसऱ्यांनी ठरवायची सवय जुनीच आहे म्हणा. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची मॅरेथॉन १८९६पासून आहे, बायकांची आली ती १९८४ साली.

आता दर्जाबद्दल. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे २०२० साली दिल्लीत हेच अंतर १ तास ३० सेकंदांत धावला. मला त्याच्या तिपटीहून जास्त वेळ लागला. माझ्यामुळे त्याच्या वेळेत एक सेकंदाचीही भर पडत नाही. आपल्या शर्यतीत पहिल्या आलेल्या मुला-मुलींबद्दल मला मनापासून कौतुक आहे. त्यातली निम्मी खेड्यातून, अकादमीच्या वसतिगृहातून आलेली असतात. बक्षिसाच्या रकमेवर त्यांचे पुढचे बूट आणि खुराक अवलंबून असतो. बक्षिसं वाढवा, आमचं शुल्क त्यात घाला, आनंदच आहे. पण मागच्यांना हाकलल्याने पुढचे जलद होतात हे गणित मला समजलेलं नाही. पावणेतीन तास म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत. यात कोण गळेल ते सांगू? पन्नाशीच्या आसपासच्या बायका, निवृत्त झालेले, वजनदार, नवखे, घरचं आवरून नोकरी करून मग पळायला वेळ काढणारे. प्रायोजकांपुढे सहभागींची संख्या सांगताना हेच सगळे आपल्याला हवे असतात.

कट-ऑफ, म्हणजे वेळमर्यादा, असूच नये असं माझं म्हणणं नाही. रस्ते कायमचे अडवून ठेवता येत नाहीत, पोलिसांना दुसरी कामं आहेत, ऊस कारखान्याला जायलाच हवा. कडक कट-ऑफ कसा असतो ते दक्षिण आफ्रिकेच्या कॉम्रेड्सकडे बघा. आपल्या शहरातूनही काहीजण तिथे जाऊन आलेत, त्यांना विचारा. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग यांच्यामधली सुमारे ९० किलोमीटरची ही शर्यत १९२१पासून आहे. मर्यादा बारा तास, झेंड्यापासून. बारा तास पुरे होताना एक अधिकारी अंतिम रेषेवर येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि ठोक्याला बंदूक उडवतो. पाठ अशासाठी, की कोण दोन पावलांवर आहे ते दिसू नये आणि हात चळू नये. एक पाऊल राहिलं तरी बाद. इतकं कठोर. पण बंदूक बारा तासांनीच उडते. त्याआधी रेष कुणी उचलत नाही. आणि अकरा ते बारा तासांत, म्हणजे सगळ्यांत शेवटी येणाऱ्यांना जे पदक मिळतं त्याला नाव आहे विक क्लॅपम यांचं. ते त्या शर्यतीचे संस्थापक. संस्थापकाचं नाव पहिल्याच्या पदकाला न देता शेवटच्यांच्या पदकाला द्यावंसं वाटलं, त्या शर्यतीचा दर्जा घसरल्याचं मी कुठे ऐकलं नाही.

कट-ऑफ हा शब्द दोघांना बांधतो, हे माझं साधं म्हणणं आहे. ३ तास ३१ मिनिटांनी आले असते तर मी आल्या पावली घरी गेले असते, हे पत्र लिहिलं नसतं. पण साडेतीन तासांपर्यंत तो रस्ता, ते पाणी, ती मॅट माझी होती. पैसे भरून घेतलेली होती.

तर मागण्या अशा.

पहिली आणि तातडीची : यंदाचा निकाल दुरुस्त करा. ज्यांच्या नावापुढे वळणावरच्या मॅटची वेळ आहे आणि जे घड्याळाची नोंद किंवा मैदानातला फोटो दाखवू शकतात, त्यांच्यापुढचं डीएनएफ काढा. अचूक सेकंद देता येणार नाहीत हे समजतं. 'पूर्ण' एवढं लिहिलं तरी चालेल. पुढच्या नोंदणीच्या आत हे व्हावं, कारण काही मोठ्या शर्यतींना आधीच्या हाफचा निकाल जोडावा लागतो आणि आमच्यातल्या दोघीतिघींना तो हवा आहे.

दुसरी : पावणेतीन तासांचा निर्णय मागे घ्या, किंवा निदान स्थगित ठेवून शहरातल्या रनिंग ग्रुपना बैठकीला बोलवा. त्यात मागे धावणारेही असू द्या. जास्त वेळ लागणाऱ्यांना अर्धा तास आधी सोडायचा पर्याय आहे. डिसेंबरात साडेपाचला अंधार असतो, तर तेवढ्या पट्ट्यात दिव्याची सोय लागेल. तो खर्च झुंब्याच्या स्टेजपेक्षा जास्त येणार नाही. आणि मर्यादा कमी करायचीच असेल तर करा, पण मग 'पहिल्यांदाच धावताय?' वाला फ्लेक्स लावू नका.

तिसरी : झेंडा छापलेल्या वेळेला पडावा. पाहुणे आले असतील तर त्यांच्या हस्ते, नसतील तर मैदानाच्या माळीदादांच्या हस्ते. रस्त्याची परवानगी कट-ऑफच्या पुढे अर्धा तास जास्तीची घ्यावी. कुठल्याही कारणाने सुरुवात लांबलीच तर कट-ऑफ तेवढाच पुढे जाईल, हे माइकवरून सांगावं आणि मार्गावरच्या प्रत्येक टेबलाला कळवावं.

चौथी : शेवटचा माणूस पुढे गेल्याशिवाय एकही टेबल, एकही कोन, अॅम्ब्युलन्स हलता कामा नये. हे ठरवायला एक माणूस लागतो. २००४ साली लंडनमधल्या बुशी पार्कात १३ धावणाऱ्यांनिशी सुरू झालेली पार्करन ही पाच किलोमीटरची मोफत धाव आता अनेक देशांत दर शनिवारी होते. तिथे प्रत्येक ठिकाणी सगळ्यांच्या मागून चालणारा एक स्वयंसेवक असतोच, त्यामुळे कुणाही धावणाऱ्याचा नंबर शेवटचा येत नाही. आपण असे दोघे नेमा, हातात वॉकी-टॉकी द्या. ते मैदानात आल्यावरच कमान उतरेल. पुढच्या वर्षी माझ्या पायांनी साथ दिली नाही तर त्या दोघांतली एक मी व्हायला तयार आहे, फुकट. नाश्त्याचं कुपन मात्र तोवर बाद करू नका, त्या रासेयोच्या पोरांचंही.

पाचवी : चिपांचा मेळ. सुटलेले किती, आलेले किती, सोडून गेलेले किती, तीनही आकडे त्याच दिवशी दुपारपर्यंत जाहीर करा.

टॉयलेट, बायकांच्या मापाचे टी-शर्ट आणि हाफची पदकं हाफ धावलेल्यांनाच, या तिन्हींसाठी वेगळी मागणी कशाला लिहायची? समजून घ्यालच.

शुल्क परत मागत नाही. पदक कुरिअरने पाठवू नका, मी पत्ता लिहून दिलेला नाही.

या पत्राचं उत्तर फोनवर नको. लेखी द्यावं, आणि ज्या ग्रुपवर निवेदन टाकलंत तिथेच टाकावं, नोंदणी उघडण्याच्या आधी. तोवर आम्ही चौघी आणि आमच्यासोबत यादीच्या तळाशी असलेले बाकीचे, कुणीही पुढच्या वर्षीचा फॉर्म भरणार नाही.

कळावे,

आपली,
महिला, ४५ ते ५४ वयोगट
२१ किलोमीटर, ३ तास १२ मिनिटे
(आपल्या निकालपत्रात : डीएनएफ)

प्रत माहितीसाठी : शहरातील सर्व रनिंग ग्रुप